लाल शाईचा अधिकार

संत ऑगस्टीन बिशप होण्यापूर्वी, किंबहुना बाप्तिस्मा घेण्यापूर्वी, शिक्षक होते. आपल्या थागास्ते या गावी त्यांनी व्याकरण शिकविले आणि पुढे कार्थेज, रोम व मिलान येथे वक्तृत्वशास्त्र. त्यामुळे 'कन्फेशन्स' या त्यांच्या आत्मनिवेदनात त्यांनी पंतोजींवर ओढलेले कोरडे थेट वर्मी लागतात. 'माणूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दातील आरंभीचा 'ह' जर कुणी गिळला, तर विद्वान मंडळी हळहळतात. परंतु तोच इसम एखाद्या माणसाचा द्वेष करीत असेल, तर त्याची कुणाला फारशी खंत वाटत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. शब्द शुद्ध राहिला पाहिजे; माणसाचे काय व्हायचे ते होवो!

यावरून ऑगस्टीन यांनी व्याकरणाला रजा दिली असे मात्र कुणी समजू नये. इसवी सन ४०० च्या सुमारास देओग्रातियास नावाच्या एका डीकनने धर्मशिक्षण कसे द्यावे याविषयी त्यांचा सल्ला मागितला होता. उत्तरादाखल लिहिलेल्या पुस्तिकेत ते एके ठिकाणी सांगतात की, शाळांत शिकून आलेल्या सुशिक्षित दीक्षार्थींना आधी बजावावे, प्रार्थना म्हणणाऱ्या एखाद्या बिशपच्या वा सेवकाच्या तोंडून अशुद्ध शब्द बाहेर पडला तर हसू नका. पण लगेच ते पुस्तीही जोडतात. असे दोष सुधारूच नयेत असे नव्हे. लोकांना जे नीट समजले त्यालाच त्यांनी 'आमेन' म्हणावे, म्हणून ते सुधारले पाहिजेत.

हसू नये, आणि तरी सुधारावे. ही दोन वाक्ये एका माणसाच्या अंगी एकाच वेळी कशी बाणवायची, हा प्रश्न सोळाशे वर्षांनंतरही तसाच उभा आहे. आणि आमच्या मते तो सर्वांत अधिक टोचतो तो इंग्रजीच्या तासाला. म्हणूनच जे उद्या इंग्रजी शिकविणार आहेत त्यांना व्याकरण शिकविण्यासाठी आपण कसे तयार करतो, याचा विचार केवळ शिक्षणशास्त्राच्या चौकटीत उरकता येणार नाही. दुसऱ्याचे बोलणे दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला, आणि तो हाती घेण्यापूर्वी त्या व्यक्तीने काय कमावलेले असावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न परक्यांचा नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली शिक्षिका झाल्या आणि होत आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे ज्यांनी स्वतः दहाव्या-अकराव्या वर्षी इंग्रजीचे पहिले अक्षर गिरविले, अशा शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांना ती भाषा शिकविण्याची जबाबदारी येऊन पडली. अध्यापक विद्यालयात या छात्राध्यापिकेला पाठाचे टाचण काढायला शिकवितात, उद्गामी पद्धतीने उदाहरणांकडून नियमाकडे कसे जावे ते सांगतात, सराव पाठाला निरीक्षक मागच्या बाकावर बसून फलकलेखनाला गुण देतात. हे सारे कसे शिकवावे याविषयी झाले. ज्या गोष्टीविषयी शिकवायचे ती गोष्ट तिला आधीच अवगत आहे असे गृहीत धरलेले असते. आणि बहुधा ती तिला अवगत नसते. तिला नियम पाठ असतात, परंतु नियमांमागचे कारण कुणी कधी दाखविलेले नसते. मग वर्गात एखाद्या चुणचुणीत पोराने "बाई, असे का?" म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "नियमच आहे तसा!" पुष्कळदा कठोरपणा म्हणून जो दिसतो तो मुळात धास्तीचा अंगरखा असतो.

एक उदाहरण घेऊ. आठवीतला मुलगा लिहितो, 'आय हॅव कम यस्टर्डे'. वहीत लाल रेघ उमटते आणि 'आय केम' असे वर लिहिले जाते. चूक दुरुस्त झाली, मुलगा मात्र आहे तिथेच राहिला. हा मुलगा घरी काय बोलतो ते पाहावे. 'मी कालच आलो आहे.' मराठीत 'काल' आणि 'आहे' एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात, कारण येणे कालचे असले तरी आलेला माणूस आज समोर आहे. इंग्रजीतही हे रूप आजच्याशी नाते सांगते; परंतु सरून गेलेल्या काळाचे नाव घेतलेले त्याला खपत नाही. मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. त्याने आपल्या भाषेतला एक विचार इमानाने परक्या भाषेत नेला. 'व्हॉट यू आर डूइंग?' या वाक्याचेही तेच. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांना जागा बदलाव्या लागत नाहीत. त्या इंग्रजीत बदलाव्या लागतात. शिक्षिकेला हे ठाऊक असेल तर ती दोन मिनिटांत दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडील आणि मुलगा स्वतःच फरक सांगेल. ठाऊक नसेल तर तिच्यापाशी उरते ती लाल रेघ.

न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७० साली शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या सर्वांना दारे खुली केली, तेव्हा गरीब वस्त्यांतले हजारो विद्यार्थी तेथे आले. त्यांचे लेखन पाहून कित्येक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्याच विद्यापीठाच्या सिटी कॉलेजात शिकविणाऱ्या मायना शॉनेसी यांनी निराळे काम केले. त्यांनी सुमारे चार हजार निबंध घेतले आणि ते वाचीत बसल्या. गुण देण्यासाठी नव्हे, तर चुका का होतात ते समजून घेण्यासाठी. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' या त्यांच्या ग्रंथाचे सार असे की, या चुका अंदाधुंद नाहीत, त्यांना त्यांचा तर्क आहे. लिहिणारा बुद्धीने कमी नाही, तो नवशिका आहे. हा ग्रंथ भाषाशिक्षणाचा आहे खरा, परंतु आम्हाला त्यात एक शिस्त दिसते जिला परोपकारबुद्धीचा अभ्यास म्हणता येईल. समोरच्याच्या चुकीत आधी त्याची बुद्धी शोधायची, उणीव मागाहून.

अशी बुद्धी शोधायची तर मुलाची भाषा यायला हवी. येथे मराठी शाळांतील एक जुने दुखणे सांगितलेच पाहिजे. 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असे समीकरण पिढ्यानुपिढ्या शिकविले गेले आहे. आता 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य घ्या. आंब्याऐवजी पोळी आली की 'खाल्ली' होते, अनेक आंबे आले की 'खाल्ले'. क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून आपले व्याकरण याला कर्मणी म्हणते. परंतु इंग्रजीत याचे भाषांतर 'राम एट अ मँगो' असे साधे कर्तरीच होईल. ज्याने समीकरण मनापासून पाठ केले तो हुशार मुलगा 'रामाने' दिसताच 'बाय राम' लिहितो आणि मार्क गमावतो. त्याचा तर्क निर्दोष आहे. समीकरण खोटे आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी आपली रचना 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' ही होय. इंग्रजीची शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीने मराठीचे व्याकरण विसरून चालणार नाही, उलट ते तिने नव्याने शिकले पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही मुले घरचीच भाषा डोक्यात घेऊन येतात.

या बाबतीत एका इंग्रजाचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असते. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राशोल येथे छापले गेले. पुढे येणाऱ्या धर्मगुरूंनी लोकांना शिकविण्यापूर्वी लोकांची भाषा शिकावी, हा अशा पुस्तकाचा उपयोग. म्हणजे ते भावी शिक्षकांसाठीच लिहिलेले व्याकरण होते. शिकवायला निघालेल्याने आधी शिकणाऱ्याच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसावे, हा क्रम त्यांनी पाळला. आज आपल्याला तो उलटा झालेला दिसतो.

मुलाला व्याकरण मुळीच येत नाही, ही समजूतही खोटी आहे. प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण पित्याला 'आमच्या' म्हणतो, 'आपल्या' म्हणत नाही. का? ज्याच्याशी बोलतो आहोत तो 'आपल्या'मध्ये सामील होतो, 'आमच्या'मध्ये होत नाही. देवाला देवाचा पिता कसे म्हणावे? इंग्रजीतील 'अवर' या शब्दात हा भेद नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला बसलेले आठ वर्षांचे पोर हा भेद कधी चुकत नाही, आणि त्याला तो कुणी शिकविलेलाही नसतो. इतके सूक्ष्म व्याकरण ज्याच्या जिभेवर आहे त्याला 'तुला काही येत नाही' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

येथे कुणी म्हणेल, मग व्याकरण शिकवूच नये. हा विचार नवा नाही. अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालाचा निष्कर्ष असा होता की, व्याख्या-नियमांचे औपचारिक शिक्षण लेखन सुधारण्यास जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि प्रत्यक्ष लेखनाचा वेळ खाल्ल्याने कधी अपायकारकही. आपल्याकडे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रासकडच्या शाळांत नियम न सांगता, अर्थाकडे लक्ष वेधणारी कामे देऊन इंग्रजी शिकविण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. या मंडळींचा हेतू दयेचा होता आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. व्याख्या घोकून कुणी लिहायला शिकले नाही.

तरीही येथे आम्ही थबकतो. ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्याला नियम न सांगताही चालते. जेवणाच्या टेबलावरच तो ते उचलतो. ज्याच्या घरी कादोडी किंवा वाडवळी बोलली जाते, जो शाळेत येऊन प्रमाण मराठीसाठी एकदा दुरुस्त झालेला आहे आणि आता इंग्रजीसाठी दुसऱ्यांदा होणार आहे, त्याला कुणीतरी सांगितलेच पाहिजे. लिसा डेल्पिट या अमेरिकी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ साली हेच ठणकावून मांडले. सत्तेच्या भाषेचे नियम उघड करून न सांगणे म्हणजे ज्यांना ते घरी मिळत नाहीत त्यांनाच दाराबाहेर ठेवणे. मुलाला दुखवायचे नाही म्हणून त्याची चूक दाखवायची नाही आणि नंतर मुलाखतीत कुणा परक्याने ती पाहून अर्ज बाजूला सारायचा, ही दया कसली? व्याकरण शिकविणे हा गरिबाचा हक्क आहे. प्रश्न ते कोणत्या हाताने द्यायचे एवढाच आहे.

त्यासाठी भावी शिक्षिकेला नियमानियमांतला फरकही कळला पाहिजे. काही नियम भाषेच्या हाडात असतात. ते मोडले तर अर्थच मोडतो. काही नुसते शिष्टाचार असतात, कुणीतरी कधीतरी घातलेले. रॉबर्ट लोथ या धर्मपंडिताने, जे पुढे लंडनचे अँग्लिकन बिशप झाले, १७६२ साली इंग्रजीचे एक छोटे व्याकरण लिहिले आणि त्यात शेक्सपिअर, मिल्टन यांच्याही चुका काढल्या. (ते दोघे तक्रार करण्यास हयात नव्हते.) अशा पुस्तकांतून आलेले कित्येक दंडक आपल्या शाळांत आज्ञांसारखे पाळले जातात. दहा आज्ञा आणि जेवणाच्या पंगतीतले संकेत यांत आपण फरक करतो, तसा येथेही करता आला पाहिजे.

आणि रीत? ती शुभवर्तमानातच आहे. भाऊ चुकला तर प्रथम तू आणि तो एकटे असताना त्याला सांग, असे प्रभू संत मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुभावाने केलेली सुधारणा हे प्रीतीचे कृत्य मानले. पण तिने समोरचा अधिकच बिघडण्याचा संभव असेल तर ती आवरावी, असेही ते म्हणाले. ते पापाविषयी बोलत होते. व्याकरणाची चूक म्हणजे पाप नव्हे. मात्र काही वर्गांतील वातावरण पाहता हे मुद्दाम सांगावे लागते. पन्नास मुलांसमोर ज्याचे वाक्य मोडून हसण्यावारी नेले, तो पुढच्या वेळी शुद्ध बोलत नाही. तो बोलतच नाही. प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्राला त्याच्या गालिली बोलीवरून ओळखले तेव्हा त्याने शपथेवर आपली ओळखच नाकारली. बोलीवर बोट ठेवले की माणूस काय काय नाकारू लागतो!

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे, तेव्हा वेळ नाही ही सबब पूर्वीइतकी टिकत नाही. आमची सूचना लहान आहे. व्याख्या विचारणाऱ्या प्रश्नाऐवजी छात्राध्यापिकेच्या हाती खऱ्या मुलांच्या दहा वह्या द्याव्यात, नावे झाकून. लाल शाई तिला देऊ नये. प्रत्येक चुकीसमोर मुलाने असे का लिहिले असेल ते तिने पेन्सिलीने लिहावे, आणि जेथे तिला कारण सापडणार नाही तेथे जागा कोरी ठेवावी. गुण त्या पेन्सिलीच्या टिपणांना द्यावेत. कोऱ्या जागांविषयी मग ती आणि तिचे प्राध्यापक मिळून मुलाला बोलावून विचारू शकतील. बहुतेक वेळा तो सांगतो.