डोकं दुखतं, यात पाप कुणाचं?

आमच्या मुरबाड तालुक्यात अर्धशिशीवर दोन उत्तरं हमखास मिळतात. शेजारीण म्हणते, "उन्हात फिरलीस ना, मग दुखणारच." घरातली मोठी माणसं म्हणतात, "मागच्या जन्मीचं असेल काही, भोगून संपवायचं." बोलणाऱ्यांच्या पोटात मायाच असते, पण दोन्हीकडून दोष दुखणाऱ्याच्याच पदरात पडतो. डोक्याला ओढणी आवळून अंधाऱ्या खोलीत पडलं की मला एकच प्रश्न छळतो. वेदनेला कारण असतं म्हणजे अपराधही असतोच का?

माझं माहेर शहापूरचं, सासर सरळगावच्या पुढचं, दोन्ही घरं माळकरी. मी शाळेत शिकवते. आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, कवळ, पालापाचोळा धुमसत राहतो आणि धूर सकाळच्या वेळी गावावर बसतो. पौषात म्हशाच्या यात्रेत भोंगे आणि झगमगाट. हरिनाम सप्ताहात रात्रीचं जागरण, धुपाचा उग्र वास, आणि एकादशीला रिकामं पोट. यातलं काहीही मला पुरतं. उजव्या भुवईच्या वर ठोके पडू लागतात, शिजत्या भाताच्या वाफेनं मळमळतं, पोरांचा पाढ्यांचा आवाज सहन होत नाही. औषध न घेतलं तर असा झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत राहू शकतो.

पण तोच धूर माझी जाऊही पोटात घेते आणि दिवसभर शेतात राबते. फरक आमच्या पुण्याईत नाही, मेंदूच्या घडणीत आहे. ती घडण बऱ्याचदा घराण्यातून येते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास साधारण तिपटीनं होतो. उपास, जागरण, उग्र वास, पाळीचे दिवस ही निमित्तं आहेत. आज ज्यानं डोकं धरलं, त्यानं उद्या धरेलच असं नाही. निमित्त ओळखायचं ते पुढच्या वेळी सावध राहण्यासाठी, स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी नव्हे.

शाळेतल्या एका बौद्ध सहकाऱ्यांनी मला संयुत्त निकायातला एक प्रसंग सांगितला. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात. आपलं मत काय? बुद्ध ते मान्य करत नाहीत. पित्त, कफ, वात, या तिघांचा मेळ, ऋतुबदल, अनियमित वागणं, बाहेरून झालेला आघात आणि कर्म अशी आठ कारणं ते मोजतात. कर्म त्यातलं एक. ऐकलं आणि मनावरचं मोठं ओझं उतरलं.

आमच्या परंपरेतही जागा आहेच. प्रारब्ध मानलं तरी क्रियमाण आपल्या हातात असतं, आणि औषध घेणं हे क्रियमाणच. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. ज्ञानोबांनी 1290 साली तो विचार मराठीत आणला. डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेही हेच होतं: जेवण वेळेवर, झोप वेळेवर. एकादशीचं मी आमच्या कीर्तनकार बुवांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, आजारी माणसाला शास्त्रानंच मोकळीक दिलीय. वेळेवर खा, नाम सोडू नका." तेव्हापासून एकादशीला मी वेळेवर खाते आणि हरिपाठ म्हणते.

राहिली ती रोजची गोळी. वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखू लागतं, म्हणून झटका येऊच नये यासाठीचं औषध. दमा आहे का विचारून, नाडी आणि रक्तदाब पाहून डॉक्टरांनी मला प्रोप्रॅनोलॉल दिलं. जेम्स ब्लॅक यांनी ते हृदयरोगासाठी शोधलं, 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. अर्धशिशीला त्याचा गुण येतो हे नंतर कळलं. ते एकाएकी बंद करायचं नसतं. गुण आला की नाही हे ठरवायलाही दोनेक महिने लागतात, आणि झटके निम्म्यावर आले तरी यश मानतात. सासूबाईंना हे पटेना. "दुखत नाही, तर औषध कशाला गं?" मी म्हटलं, "आई, संकट नसतानाही तुम्ही रोज हरिपाठ म्हणताच ना?" त्यांनी मान हलवली. ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी फळ दिसत नाही, तरी चुकवायचं नाही, यालाच आपण नेम म्हणतो. देहाचाही असा नेम असतो आणि तो पाळणं हा धर्मच आहे, असं आता मी ठामपणे मानते.

दुःख का येतं, याचं शेवटचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण दुःखात पडलेल्या माणसाशी कसं वागावं, हे मला पक्कं कळलं आहे. घरात कुणी कपाळ धरून बसलं तर "काय केलंस?" असं विचारू नका. खिडकी लावा, रेडिओ बंद करा, "काही खाल्लंस का?" म्हणून विचारा, आणि झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर तिला डॉक्टरकडे घेऊन जा. कर्माचा हिशेब कुणीही मांडो, एवढं करणं आपल्या हातात आहे.