मधला चौकोन

डोळे मिटायची गरज नाही. नजर फक्त उंचावर न्या. खाली वैनगंगा, तिच्या एका काठाला चंद्रपूर, दुसऱ्या काठाला गडचिरोली. या सगळ्या रानावर तीस-तीस मीटरच्या चौकोनांचं जाळं अंथरलं आहे असं समजा. प्रत्येक चौकोनात एकच आकडा, समुद्रसपाटीपासूनची उंची. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांच्या फेरीत रडारने ही मोजणी केली.

आता एक चौकोन निवडा. त्याच्याभोवती आठ शेजारी. समजा, डावीकडचे उजवीकडच्यांपेक्षा ३ मीटर उंच आहेत, वरचे खालच्यांपेक्षा ४ मीटर. शाळेतला पायथागोरस आठवा: ३ आणि ४, म्हणून ५. आडवं अंतर दोन चौकोनांचं, ६० मीटर. साठाला पाच, म्हणजे साधारण पावणेपाच अंशांचा उतार. (अक्षांश-रेखांश मीटरमध्ये आणायचे राहिले, तर हेच रान जवळजवळ नव्वद अंशांचा कडा होतं. मीटरमध्ये आणणाऱ्या यूटीएम पद्धतीत इथला पट्टा ४४.)

घाई नको. या हिशेबात मधल्या चौकोनाची स्वतःची उंची कुठे आली? आलीच नाही. बरीच सॉफ्टवेअर हॉर्न यांचं १९८१ चं सूत्र वापरतात. त्यात चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना दुप्पट वजन, कोपऱ्यातल्यांना एकपट, आणि मधल्याला काहीच नाही. तिथे खड्डा असो की टेकाड, उत्तर तेच. उतार त्याचा, साक्ष शेजाऱ्यांची. यावर जरा वेळ रेंगाळा.

मग जाळं जंगलाच्या कडेला सरकवा. एका बाजूला धान कापलेली बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. रडारची लाट दाट पानोऱ्यातून पूर्ण जमिनीपर्यंत पोचत नाही, वरच्या वर परतते. ती १२ मीटरवरून परतली, तर सपाट जमिनीवर अकरा अंशांचा चढ उभा राहतो. तो चढ झाडांचा आहे, मातीचा नाही. आणि कोळशाच्या खुल्या खाणींभोवती २००० नंतर रचलेले मातीचे ढिगारे या आकड्यांत नाहीतच.

शेवटी बोडीपाशी, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यापाशी या. पाण्याला वाहायला साठ मीटरांत वीतभर उतारही पुरतो. पण आकडे पूर्ण मीटरांतले. नऊच्या नऊ चौकोनांत २१४ असू शकतं. संगणक म्हणतो, शून्य अंश. ज्यांनी बोडीची पाळ घातली, ज्यांनी मामा (माजी मालगुजारी) तलाव बांधले, त्यांना ती वीत ठाऊक होती.

सुरजागड-भामरागडच्या डोंगरांचा ढोबळ उतार काढायला हे आकडे खुशाल वापरा. धानपट्ट्यात मात्र शून्य आला, तर तो अहवालात चढवू नका. लेव्हल मशीन घ्या आणि बांधीत उतरा.