'फार वाढलंय' म्हणजे कशापेक्षा?

'झुडपं फार वाढलीत, काढून टाकू या.' पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक मेसेज पडतोच. त्यावर चार-पाच अंगठे येतात, दुसऱ्या दिवशी माळी येतो आणि दुपारपर्यंत कुंपणाकडची जागा लख्ख होते. त्या वाक्यातल्या 'फार'पाशी मात्र कुणी थांबत नाही. फार म्हणजे कशापेक्षा? जास्वंद तिच्या मापानं वाढलेली असते. आपलं माप वेगळं असतं: खिडकीची उंची, गाडी लावायची रेघ, पायवाटेची रुंदी.

आपली मापं खोटी असतात असं नाही. बोगनवेलीनं दिव्याचा खांब वेढला, की रात्री साडेदहाला कामावरून परतणाऱ्या मुलीला ती वाट नकोशी होते. तिच्या भीतीपुढे बोगनवेलीचा बहर मला तरी हलका वाटतो. पण त्याच मेसेजमध्ये 'आणि दिसतंही अस्ताव्यस्त' असं जोडलेलं असतं. अंधारी वाट आणि अस्ताव्यस्त दिसणं ही दोन कारणं शेजारी बसली, की दुसरं पहिल्याच्या जिवावर पास होतं. खांबाजवळची एक वेल कापायची असते आणि कुंपणाकडची सगळी रांग जाते.

झुडपाची बाजू मांडायला तत्त्वज्ञान किती मदत करतं? पीटर सिंगर यांचं 'ॲनिमल लिबरेशन' १९७५ साली आलं, तेव्हापासून नीतीविचारातला एक मोठा प्रवाह आधी विचारतो: याला वेदना होते का? झुडपाला मज्जासंस्था नाही, तेव्हा तिथे विषय संपतो. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींचे विद्युत-प्रतिसाद मोजले होते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण प्रतिसाद म्हणजे दुखणं नव्हे. दुसरीकडून रिचर्ड रूटली हा तत्त्वज्ञ येतो. १९७३ मध्ये त्यानं एक कल्पना मांडली: पृथ्वीवर शेवटचा एकच माणूस उरलाय आणि मरण्याआधी तो जमेल तेवढी जीवसृष्टी नष्ट करत सुटलाय. यात कुठल्याच माणसाचं नुकसान नाही, कारण माणूस उरलेलाच नाही. तरीही हे चूक वाटतं ना? मी त्यातून प्राणी वगळून फक्त झाडंझुडपं ठेवून पाहिली, तरी माझं उत्तर बदललं नाही.

पण आपण काही तो शेवटचा माणूस नाही. त्याचा त्या जंगलाशी काहीच संबंध नव्हता. कुंपणाजवळची जास्वंद आपणच नर्सरीतून आणून, खड्डा खणून लावलेली असते. भिंतीपासून हातभर अंतरावर, जिथे ती मावणार नाही हे रोप घेतानाच कळायला हवं होतं. त्यामुळे झुडपाचं मोल किती, हा प्रश्न मला इथे दुय्यम वाटतो. ते लावताना आपण काय अंगावर घेतलं, हा पहिला.

छाटणीत मुळात क्रूर असं काही नाही. फांदीच्या शेंड्याकडून येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडवला की ते डोळे फुटतात. जास्वंद नव्या फुटव्यांवरच फुलते. नाशिकचे द्राक्षबागायतदार वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यांना कुणी निर्दय म्हणत नाही, कारण छाटणारा दुसऱ्या दिवशीही बागेत असतो, फुटवे बघतो, नको ते विरळ करतो. आपल्याकडे कातरी चालवणारा पुढच्या वर्षी येतो, तोही बहुधा वेगळाच. तो मेंदीचं कुंपण वरून सपाट करून जातो. वरचा भाग दाट होतो, खाली ऊन पोचत नाही, बुडखे उघडे पडतात. चार-सहा वर्षांनी तेच बघून ग्रुपवर लिहिलं जातं, 'आता यात काही राम राहिला नाही, काढून टाका.'

अशा दुर्लक्षित झुडपासाठी बागकामात एक जुनी रीत आहे. सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश यंदा जमिनीलगत कापायच्या, एक तृतीयांश पुढच्या वर्षी, उरलेल्या तिसऱ्या वर्षी. झुडूप तेच राहतं, लाकूड नवं होतं. पण तीन वर्षं कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, आणि आपली कमिटी तर दरवर्षी बदलते.

मग हात न लावता वाढू द्यावं का? 'निसर्गाला मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांनी घाणेरीकडे बघावं. टणटणी म्हणा हवं तर. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणली. पक्ष्यांनी तिची फळं खाऊन बिया पसरवल्या आणि आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंतच्या जंगलांत तिच्या जाळीखाली गवत उगवायला जागा नाही. इथे काढून टाकणंच योग्य, याबद्दल मला शंका नाही. पण तिथेही एका घावात सुटका नसते. नुसती वरून कापली तर ती बुडख्यातून जोमानं फुटते. म्हणून मातीखाली मुळावर घाव घालून झुडूप उपटतात आणि उलटं करून ठेवतात. शिवाय पडून राहिलेल्या बियांची रोपं उपटायला पुन्हा पुन्हा यावं लागतं.

सोसायटीत परत आलं तर घाई करण्याआधी एक साधी गोष्ट बघण्यासारखी असते. पावसाआधीचे महिने म्हणजे बुलबुलाच्या विणीचा काळ, आणि त्याचं घरटं छातीएवढ्या उंचीच्या गचपणातच असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना धक्का लावणंही धरलं आहे. माळ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि घरटं दिसलं तरी काम थांबवायचा अधिकार त्याला नसतो. अंडी उबून पिल्लं उडायला साधारण महिना पुरतो. ग्रुपवर कुणी 'महिनाभर थांबू या' असं लिहिलं, तर रांग महिनाभर राहू द्यावी आणि घरटं नाही ना एवढं बघून दिव्याच्या खांबाजवळची वेल तेवढी आजच कापावी.