शिक्षकांचा संप आणि मुलांचें देणें

गिरणींतील कामकरी संप करितो, तेव्हां त्याचा आघात मालकाच्या नफ्यावर होतो. ज्याच्याशीं तंटा, त्याचेंच नुकसान. शिक्षक संप करितो तेव्हां गोष्ट निराळी होते. तंटा सरकाराशीं असतो आणि नुकसान मुलाचें होतें. त्या मुलानें शिक्षकाचा पगार ठरविलेला नसतो, व तो वाढविणें त्याच्या हातींहि नसतें. मग मागणी न्याय्य असली तरी शिक्षकानें मुलांस सोडून शाळेबाहेर बसावें काय? हा प्रश्न संप चालू असतांना रागाच्या भरांत विचारला जातो, आणि संप मिटला कीं विसरला जातो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत जातात, व कांहींजण स्वतः शिक्षक आहेत. म्हणून दोन्ही बाजू समोर ठेवून आपण शांतपणें विचार करूं.

आपल्याच राज्यांतील उदाहरण घेऊं. ता. १४ मार्च २०२३ रोजीं महाराष्ट्रांतील सरकारी व निमसरकारी नोकरांनीं संप पुकारला. त्यांत शिक्षकहि होते. ता. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढें नोकरींत आलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन मिळत नव्हतें. तें मिळावें ही मुख्य मागणी होती. जुन्या पद्धतींत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम म्हातारपणीं निश्चित मिळे. नव्या पद्धतींत नोकराच्या व सरकारच्या वर्गणीचा पैसा बाजारांत गुंतविला जाई, आणि शेवटीं हातीं किती येईल याची खात्री नसे. त्याच दिवसांत दहावीच्या व बारावीच्या परीक्षा चालू होत्या. सरकारनें चौकशीसाठीं समिती नेमली, आणि ता. २० मार्च रोजीं संप मागें घेण्यांत आला. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें निश्चित निवृत्तिवेतनाची हमी देणारी एकीकृत योजना स्वीकारली. तेव्हां मागणींत विचार करण्याजोगें कांहीं होतें, हें सरकारासहि पटलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

शिक्षकाची बाजू प्रथम ऐकावी. तोहि संसारी मनुष्य आहे. त्याच्यावर शिकविण्याखेरीज खानेसुमारीचें व निवडणुकीचें काम येऊन पडतें. अर्ज व विनवण्या वर्षानुवर्षें दप्तरांत पडून राहिल्या, तर त्यानें काय करावें? कायदा त्याला फारसा आधार देत नाहीं. सन २००३ मध्यें तामिळनाडूंतील सरकारी नोकर व शिक्षक संपावर गेले, तेव्हां सरकारनें सुमारें १ लाख ७० हजार जणांस एकदम बडतर्फ केलें. तो तंटा सर्वोच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें पुष्कळांस परत घेण्याचा मार्ग मोकळा करविला, परंतु सरकारी नोकरांस संप करण्याचा कायदेशीर किंवा नैतिकहि हक्क नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. निकाल आम्ही मानतों. पण त्यांतून दुसरी एक गोष्ट निघते. ज्याचें तोंड आपण बांधतों, त्याचें गाऱ्हाणें वेळेवर ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर दुप्पट येते. संप करणें अयोग्य म्हणावें आणि अर्जहि वाचूं नये, हा न्याय नव्हे.

आतां मुलाकडे पाहूं. शहरांतील श्रीमंताचें मूल खाजगी शाळेंत जातें. तेथें संपाची झळ लागत नाहीं. खेड्यांतील मोलमजुरी करणाऱ्या आईला मात्र शाळा बंद झाली कीं मूल कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो. थोरली मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळण्यास तीच घरीं राहते. आणि एकदां घरकामांत अडकलेली मुलगी शाळा उघडल्यावर परत येईलच असें नाहीं. दुपारचें जेवणहि थांबतें. नियमाप्रमाणें त्या जेवणांतून लहान वर्गांतील मुलास ४५० व वरच्या वर्गांतील मुलास ७०० उष्मांक मिळावयाचे असतात. गरीब घरांत हा तोटा लहान नाहीं. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीस वर्षाचे २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरावी असें ठरविलें आहे. ज्याच्या घरीं कोणी शिकलेलें नाहीं, त्याच्या विद्येचें सारें भांडवल एवढे दिवसच होत.

गेलेल्या दिवसांची किंमत पुढेंहि मोजावी लागते. अर्जेंटिना देशांत शिक्षकांचे संप वारंवार होत. तेथील प्राथमिक शाळेंत सरासरीनें ८८ दिवस संपांत गमावलेलीं मुलें मोठीं झालीं, तेव्हां त्यांची कमाई पुरुषांत ३.२ व स्त्रियांत १.९ टक्क्यांनीं कमी भरली, असें २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. सात दिवसांच्या संपास हें माप लावूं नये; पण वारंवार बंद पडणारी शाळा मुलाच्या भाकरींतून कांहीं काढून घेते, एवढें त्यावरून समजतें. शिवाय आईबापांचा विश्वास उडाला कीं तीं पोटास चिमटा घेऊन मूल खाजगी शाळेंत घालतात. पट घटला कीं शिक्षकांच्या जागाहि घटतात, आणि जो अगदीं गरीब, त्याचेंच मूल मागें राहतें.

मग संप सर्वथा निषिद्ध म्हणावा काय? अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत सन २०१८ च्या फेब्रुवारींत सर्व ५५ परगण्यांच्या शाळा संपामुळें बंद पडल्या. सुमारें २० हजार शिक्षक बाहेर पडले होते. तेथेंहि पुष्कळ मुलें शाळेंतील जेवणावर अवलंबून असत. शिक्षकांनीं संपापूर्वींच त्यांच्यासाठीं शिधा पिशव्यांत भरून ठेविला, आणि कित्येक ठिकाणीं ख्रिस्ती मंडळ्यांनीं मंदिरें उघडून मुलांस जेवूं घातलें. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत ५ टक्के पगारवाढ मिळून शाळा उघडल्या. त्या शिक्षकांस लोकांचा पाठिंबा मिळाला. भांडण कोणाशीं आहे व कोणाशीं नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें होतें.

यावरून आमचें मत असें होतें. शिक्षकानें संपापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. दुसरे सर्व मार्ग आपण खरोखर चालून पाहिले काय? आपली मागणी गांवच्या मजुराला समोर बसवून, न लाजतां समजावून सांगतां येईल काय? आणि मुलांचे जे दिवस आपण घेतों, ते सुट्टींत किंवा सकाळीं जादा शिकवून परत करण्याची आपली तयारी आहे काय? तिहींचें उत्तर होकारार्थी नसेल, तर त्यानें मुलांस सोडूं नये. असेल, तर त्याला आळशी किंवा लोभी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तरीहि तो मुलांचा ऋणी होतो, आणि मागणी मान्य झाली म्हणून तें ऋण फिटत नाहीं.

सरकारचेंहि ऋण आहे. संपाच्या धाकानें जें सहा दिवसांत ऐकलें जातें, तें अर्जावरून सहा महिन्यांत कां ऐकलें जाऊं नये?

आणि आईबापांचें? शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे असा कायदा आहे. त्या जागा नुसत्या सहीपुरत्या राहूं नयेत. शिक्षकाची अडचण काय, किती जागा रिकाम्या आहेत, हें पालकांनीं वर्षभर विचारावें. संपाच्या दिवसांत गांवांतील लिहितावाचतां येणाऱ्यांनीं मुलांस ओसरीवर बसवून पाढे व वाचन घ्यावें. त्यांत शिक्षकाशीं वैर नाहीं. तो परत येईल तेव्हां त्याचीं मुलें त्यास वर्गांत बसलेलीं सांपडावींत, एवढाच हेतु आहे.