निरगाठ, सुरगाठ

"मामा, हा दोर ओढला की काय होतं?" इंजिनिअर भाच्याने विचारलं.

"काही नाही."

"मग लावलात कशाला?" चहा संपवून तो गेला. प्रश्न दोन आठवडे टेबलावरून हलायला तयार नाही.

टेबलावर 'त्रिंकोमाली' आहे. जमशेदजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली फ्रिगेट. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. माझी तिच्या शहाण्णवाव्या हिश्श्याएवढी, धड अर्ध्या मीटरहून जरा कमी.

शिडाची जहाजं सिनेमात सगळ्यांनीच पाहिली आहेत, तेव्हा वर्णन सोडतो. पण दोरांचं जंजाळ एकजात नसतं. काही तणावे असतात: तंबूच्या तणाव्यांसारखेच, एकदा बांधले की डोलकाठीला धरून राहणारे, डांबर लावून काळे केलेले. बाकीचे चालते दोर, शिडं चढवायला, आडव्या काठ्या फिरवायला. पहिले निरगाठीचे, दुसरे सुरगाठीचे. हा भेद कळला की जंजाळ वाचता येतं.

वाचता येतं म्हणजे चुकत नाही असं नव्हे. डेव्हिड स्टीलच्या १७९४ च्या ग्रंथात प्रत्येक दोराची जाडी दिली आहे, पण ती परिघाची! माझ्या पहिल्या जहाजात मी तीच व्यासाची समजलो. नऊ इंची दोराला पाऊण मिलिमीटरचा धागा पुरतो, मी जवळजवळ अडीचचा ओवला. जहाज कसलं, उसाची मोळी दिसत होती ती. असो.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे: काम नसेल तर दोर नको. मी मनातल्या मनात त्याला गाठलं. अरे, तुझ्या लग्नातल्या सुटाच्या बाह्यांवर चार-चार बटणं होती, एक तरी उघडत होतं का? टोला झकास बसला असं वाटून मी सुई उचलली, आणि दोनच मिनिटांत ती खाली ठेवली. म्हणजे माझे दोर ही बटणंच झाली की!

तणाव्यांच्या बाबतीत मात्र हे खरं नाही. बाजूचे तणावे मी जोडीजोडीने चढवले, आधी उजवी जोडी, मग डावी, नाहीतर काठी एका अंगाला झुकते. पुढचा तणावा त्यांच्यावरून, शेवटी. जुलैत हवेतला ओलावा पिऊन तोच सुती धागा आखडला आणि काठीचं टोक नाळेकडे वाकलं. तागाचे दोरही भिजले की असेच आखडतात. मग मी तीन भोकांच्या लाकडी चकत्यांमधून ओवलेली दोरी सैल केली, मागचे तणावे ओढले, काठी सरळ झाली. खलाशी करत तेच, फक्त चिमट्याने. इथे दोर दाखवायला नव्हता; तो काठी धरून होता.

चालत्या दोरांचं तसं नाही. त्यांच्या टोकांना मी डिंकाचा थेंब लावतो. एका थेंबात सगळ्या सुरगाठी निरगाठी होतात. दोर काळा नाही म्हणून तो चालता, एवढीच त्याची ओळख उरते. आणि ग्रीनिचच्या संग्रहालयातल्या इंग्लिश आरमाराच्या जुन्या नमुन्यांपैकी कित्येकांना डोलकाठ्याच नाहीत. त्यांना अपुरे म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

काल रात्री मोठ्या डोलकाठीच्या खालच्या आडव्या काठीचे दोन दोर सोडवले, डिंक खरवडला, कप्प्यांतून नवे ओवले आणि टोकं खुंट्यांना नुसती वेढून ठेवली. डावा ढिला सोडून उजवा ओढला, काठी बोटभर फिरली. बाकीचे चालते दोर डबीत आहेत. जमेल तेवढे असेच ओवीन, जमणार नाहीत ते लावणार नाही.

भाच्याला अजून कळवलेलं नाही.