पाहणारा कुठे उभा आहे? कॉर्नवॉलच्या कलेतील एक प्रश्न

वादळी समुद्र, अंगावर येणारे कडे, विजांनी भरलेले आभाळ यांच्यापुढे माणसाच्या मनात भीती आणि आनंद एकाच वेळी दाटून येतात. इमॅन्युएल कांटने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अनुभवाला ‘उदात्त’ म्हटले आणि त्याला एक अट घातली: पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे त्याला फक्त भीती वाटते. कांटच्या मते खरी उदात्तता समुद्रात नसतेच. शरीराने दुबळे असूनही बुद्धीने आपण निसर्गाच्या वर आहोत, ही जाणीव त्या क्षणी होते आणि तीच उदात्त असते. या मांडणीत पाहणारा अलीकडे राहतो आणि निसर्ग पलीकडे. आपल्याकडच्या दर्शनांच्या भाषेत सांगायचे तर द्रष्टा आणि दृश्य यांच्यात रेघ आखली जाते. सांख्यांनीही पुरुषाला प्रकृतीचा अलिप्त साक्षी मानले, पण त्यांना त्या वेगळेपणातून मुक्ती हवी होती. कांटची रेघ आस्वादासाठी आहे.

ही रेघ खरी आहे का, हा प्रश्न केवळ ग्रंथांतून विचारला गेलेला नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, गेली सुमारे एकशेचाळीस वर्षे चित्रकार, शिल्पकार आणि अलीकडे चित्रपटकार तो आपापल्या साधनांनी विचारत आले आहेत.

कॉर्नवॉलची भूमीच असा प्रश्न पुढे करणारी आहे. उत्तरेला अटलांटिक, दक्षिणेला इंग्लिश खाडी आणि अगदी पश्चिमेला पेनविथचे ग्रॅनाइटचे टोक. माळरानावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उभे केलेले दगड आहेत. मेन-आन-टोल या ठिकाणी मधोमध मोठे गोल भोक असलेला दगड आहे. आजारी मुलांना त्या भोकातून पलीकडे काढले की ती बरी होतात, अशी तिथली जुनी समजूत. म्हणजे हा दगड लांबून बघायचा नव्हता, त्यातून आरपार जायचे होते. जमिनीखाली कथील आणि तांबे होते. बोटॅलॅक आणि लेव्हंट इथल्या खाणी कड्यापासून थेट समुद्रतळाखाली गेल्या होत्या, आणि वादळात डोक्यावरच्या तळाशी धोंडे गडगडत असल्याचा आवाज खाणकामगारांना ऐकू येई. किनाऱ्यावर मासेमारी. जानेवारी १९३९ मध्ये सेंट आइव्ह्ज या बंदरगावाची जीवरक्षक होडी वादळात उलटली आणि तिच्यावरच्या आठांपैकी सात जण बुडाले. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला कांटचे सुरक्षित अंतर कधी मिळालेच नाही.

ते अंतर घेऊन आले बाहेरचे चित्रकार. १८७७ मध्ये सेंट आइव्ह्जपर्यंत रेल्वे पोचली. पुढे मासेमारीला उतरती कळा लागली, जाळी आणि शिडे ठेवायचे माळे रिकामे होऊ लागले आणि उत्तरेच्या प्रकाशासाठी छताला काचा बसवून चित्रकारांनी ते भाड्याने घेतले. पलीकडच्या किनाऱ्यावर न्यूलिन गावात स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ मध्ये स्थायिक झाला. ओल्या वाळूवर मांडलेली मासळी आणि तिच्याभोवती जमलेले कोळी रंगवलेले त्याचे ‘अ फिश सेल ऑन अ कॉर्निश बीच’ हे चित्र १८८५ चे. फोर्ब्सने प्रामाणिकपणे उघड्यावर, वाऱ्यात उभे राहून चित्रे काढली. तरीही वाळूवरच्या राखाडी प्रकाशावरचे त्याचे प्रेम माणसांवरच्या प्रेमापेक्षा मोठे दिसते. त्याची कोळी माणसे देखणी आहेत, पण ती पाहिली गेलेली माणसे आहेत.

त्याच गावातल्या फ्रँक ब्रॅम्लीने १८८८ मध्ये ‘अ होपलेस डॉन’ रंगवले तेव्हा मात्र समुद्र चित्राच्या कडेला, खिडकीबाहेर गेला आणि मध्यभागी एक खोली आली. रात्रभर वाट पाहून पहाट झाली आहे. एक तरुण स्त्री म्हातारीच्या मांडीवर कोसळली आहे. मेणबत्ती विझली आहे आणि खिडकीशी बायबल उघडे पडले आहे. बाहेरच्या लाटांना उदात्त म्हणण्याची सोय या खोलीत कोणालाच नाही. धर्मही इथे सजावट म्हणून येत नाही. मेथडिस्ट पंथाने कॉर्नवॉलच्या कोळ्यांच्या आणि खाणकामगारांच्या जगण्याला वळण दिले होते, आणि पुढे १८९६ मध्ये रविवारी मासळी उतरवणाऱ्या परगावच्या बोटींविरुद्ध न्यूलिनमध्ये मोठी दंगल झाली. ब्रॅम्लीची मांडणी थोडी नाटकी आहे, पण दृष्टीची दिशा त्याने बदलली: समुद्र कसा दिसतो यापेक्षा तो कोणाचे काय घेऊन जातो, हे त्याने विचारले.

ज्याने ही रेघ जाणूनही घेतली नाही, असा माणूस ऑगस्ट १९२८ मध्ये सेंट आइव्ह्जच्या एका गल्लीत सापडला. बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार समुद्रावरून परतत होते. एका उघड्या दारातून त्यांना भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रे दिसली. आल्फ्रेड वॉलिस तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. तो मासेमारी बोटींवर राबलेला, नंतर बंदरावर भंगार आणि जहाजाचे सामान विकणारा गृहस्थ. १९२२ मध्ये बायको गेल्यावर सोबत म्हणून त्याने रंगवायला सुरुवात केली. दुकानांतून मिळालेले पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे, आणि त्यांवर बोटींना लावायचा रंग.

वॉलिसच्या चित्रांत क्षितिज स्थिर नसते. किनारा खालून येतो, कडेने येतो, कधी उलटा येतो. पुठ्ठा टेबलावर ठेवून तो चहूबाजूंनी रंगवी, जसा बोटीवरचा माणूस समुद्राला चहूबाजूंनी जाणतो. जी बोट महत्त्वाची ती मोठी, मग ती दूर का असेना. पुठ्ठ्याचा राखाडी किंवा तपकिरी रंग तसाच सोडून तोच पाणी म्हणून वापरी. जुने शिडाचे जग संपले होते, ते जसे होते तसे आठवणीतून उतरवणे हेच आपले काम, असे तो म्हणत असे. रविवारी तो ब्रशला हात लावत नसे. तो दिवस बायबलचा. याला ‘भाबडी कला’ असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण यथार्थदर्शनाची रीत, म्हणजे एका जागी उभ्या असलेल्या डोळ्याकडे सगळ्या रेषा वळवण्याची रीत, त्याने वापरली नाही, कारण तो कधी एका जागी उभा नव्हता. १९४२ मध्ये मॅड्रनच्या गरिबांच्या आश्रयगृहात तो वारला. बर्नार्ड लीच या कुंभाराने त्याच्या थडग्यासाठी फरश्या बनवल्या. त्यांवर प्रचंड दीपगृहाच्या पायाशी एक लहानसा माणूस आहे.

या लीचने १९२० मध्ये शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर सेंट आइव्ह्जमध्ये कुंभारशाळा काढली होती आणि जपानी पद्धतीची उतारावर चढत जाणारी भट्टी बांधली होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच या छोट्या बंदरात, कलाकाराचा ‘मी’ खरोखर एवढा मोठा आहे का, अशी एक पौर्वात्य शंका येऊन राहिली होती.

ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, बार्बरा हेपवर्थ पती निकल्सन आणि तिळ्या मुलांसह इथे आली. ती यॉर्कशायरची, कॉर्नवॉल तिच्या रक्तात नव्हते. सुरुवातीची वर्षे मुले, रेशन आणि जागेची टंचाई यांत गेली. १९४६ च्या ‘पेलागोस’ या शिल्पात तिने एल्मचे लाकूड लाटेसारखे आत वळवत पोखरले, आतला भाग फिकट निळ्या रंगाने रंगवला आणि दोन टोकांमध्ये तारा ताणल्या. घरातून दिसणारी खाडी, तिला कवेत घेणारे जमिनीचे दोन हात, हे त्या आकारामागे आहे. तारांविषयी तिने स्वतः सांगितले आहे की आपण आणि समुद्र, वारा, टेकड्या यांच्यात जाणवणारा ताण म्हणजे त्या तारा. इथे पाहणारीची जागा शिल्पाच्या बाहेर नाही. तारेचे एक टोक तीच आहे. १९५३ मध्ये तिचा मोठा मुलगा पॉल हवाई दलात असताना थायलंडमध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने केलेले मेरी आणि बालक येशूचे शिल्प सेंट आइव्ह्जच्या गावच्या चर्चमध्ये आहे. अमूर्त आकारांत रमलेली हेपवर्थ तिथे एकदम साध्या, ओळखीच्या रूपाकडे वळली. ज्या गावात कोळ्यांच्या बायका बुडालेल्यांसाठी रडल्या होत्या, त्याच गावाच्या शोकात तीही सामील झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. त्या अर्थाने ती गावची झाली.

पीटर लॅन्यन मात्र सेंट आइव्ह्जमध्येच १९१८ मध्ये जन्मलेला, आणि हा प्रश्न त्याने सर्वांत खोलवर नेला. लेव्हंट खाणीत कामगारांची ने-आण करायला एक यंत्र होते: वर-खाली होणारा लांबलचक दांडा, त्याला पायऱ्या, आणि माणसाने एका पायरीवरून दुसरीवर पाऊल टाकत वर यायचे. २० ऑक्टोबर १९१९ रोजी हा दांडा वरच्या टोकाला तुटला आणि ३१ जण मेले. लॅन्यनने १९५३ मध्ये पूर्ण केलेल्या, खाणीजवळच्या गावाचे नाव दिलेल्या ‘सेंट जस्ट’ या उंच चित्रात आजूबाजूला शेतांचे हिरवे, राखी तुकडे आहेत आणि मधोमध वरून खाली गेलेला काळा पट्टा. तो खाणीचा खोल विहिरीसारखा मार्ग आहे आणि तोच क्रूसही आहे. लॅन्यनच्या मनात हे चित्र ख्रिस्ताला सुळावर दिल्याचे होते. खाणकामगारांचे मरण हेच त्या गावचे बलिदान. धर्मचित्र आणि निसर्गचित्र यांच्यातली भिंत इथे पडते. या भूमीचे खरे रूप वरून दिसतच नाही. ते खाली, अंधारात, गेलेल्या माणसांपाशी आहे, आणि चित्रकाराने तिथवर उतरले पाहिजे.

लॅन्यन कड्यांवर चढे, खाली झोपून वर पाही, एकाच बंदराला अनेक बाजूंनी फिरून मग एका चित्रात ते सारे आणी. १९५९ पासून तो ग्लायडर उडवायला लागला. १९६० च्या ‘थर्मल’ या चित्रात कुठे काय आहे हे शोधता येत नाही. वर उचलणारी गरम हवा मात्र जाणवते, आणि ती डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हेच. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, फ्रान्समध्ये मोरिस मेर्लो-पाँतीचा चित्रकलेवरचा निबंध आला. पाहणारा आपल्या शरीरामुळे स्वतः दृश्य जगातच बुडालेला असतो, जग त्याच्यासमोर मांडलेले नसते, असे त्याने त्यात मांडले. कांटच्या अटीला याहून थेट उत्तर देणे कठीण. लॅन्यनने ते शरीराने दिले, आणि त्याची किंमतही शरीरानेच मोजली. ऑगस्ट १९६४ मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर तो वारला.

याच्या अगदी उलट भूमिका पॅट्रिक हेरनची. झेनरच्या कड्यावरच्या घरात तो १९५६ पासून राहिला आणि समुद्र, दगड, बाग यांनी वेढलेला असूनही, आपल्या चित्रांत निसर्ग नाही, आहेत ते रंग आणि त्यांचे एकमेकांशी नाते, हे तो आग्रहाने सांगत राहिला. हा आक्षेप वजनदार आहे. चित्रात भूमी शोधत बसले की चित्र तिचा नकाशा बनते. पण हेरनचे म्हणणे पूर्ण पटत नाही. जागा चित्राचा विषय नसली तरी ती डोळ्याला घडवते, आणि घडलेला डोळा मग काहीही रंगवताना तीच सवय बरोबर नेतो.

दुसऱ्या टोकाला इथेल कहून. १९०६ मध्ये शिलाँगला जन्मलेली ही अतिवास्तववादी चित्रकार लॅमॉर्नाच्या दरीत येऊन राहिली. जवळच दगडांचे एक वर्तुळ आहे. रविवारी नाचल्यामुळे दगड झालेल्या एकोणीस मुली म्हणजे ते दगड, अशी त्याची कथा. १९५७ च्या आपल्या कॉर्नवॉलवरील पुस्तकात कहूनने दगडांना जिवंत मानले. तिच्या गूढवादाचा बराच भाग आज पचायला जड आहे. तरी एक गोष्ट तिने नेमकी ओळखली: पाहण्याचे काम फक्त माणसाकडे आहे, ही समजूत इथल्या लोककथांनी कधीच मान्य केलेली नव्हती.

आजच्या कलाकारांत हा वारसा वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. सेंट जस्टजवळ राहणारा कर्ट जॅक्सन प्राणिशास्त्र शिकलेला. तो वाऱ्यापावसात बसून रंगवतो, आणि त्याची नजर एका खडकावरच्या, एका ओढ्यातल्या जीवांची नोंद घेणारी आहे. अ‍ॅबिगेल रेनॉल्ड्सने किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्री शेवाळ भट्टीत घालून काच बनवली. किनारा इथे विषय न राहता पदार्थ झाला. मार्क जेंकिनचा २०२२ चा ‘एनिस मेन’ हा चित्रपट तर जणू या संपूर्ण प्रश्नासाठीच बांधलेला आहे. निर्मनुष्य बेटावर एक स्त्री रोज काही दुर्मीळ फुलांची पाहणी करते, जुन्या खाणीत दगड टाकून आवाज ऐकते आणि वहीत बदल नसल्याची नोंद करते. पुढे फुलांवर दगडफूल उगवते, आणि मग तिच्या अंगावरच्या जुन्या व्रणावरही. निरीक्षकच निरीक्षणाच्या नोंदीत येतो. खाणकामगार, बुडालेले खलाशी, उभा दगड, सारे त्या एका देहात शिरतात.

पण सुरक्षित अंतर संपलेले नाही. त्याने नवे रूप घेतले आहे. कलेमुळेच सेंट आइव्ह्ज प्रसिद्ध झाले. जुन्या गॅसकारखान्याच्या जागी १९९३ मध्ये टेट संग्रहालय उघडले, पर्यटक वाढले आणि समुद्र दिसणारी खिडकी ही विकत घ्यायची वस्तू झाली. सुट्टीपुरती घरे घेणाऱ्यांमुळे स्थानिकांना घर परवडेना. २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेऊन, नव्या घरांना दुसरे घर म्हणून वापरण्यास बंदी घालण्याच्या बाजूने ८३ टक्के मते दिली. ज्या चित्रांनी निसर्गाकडे खिडकीतून बघणे नाकारले, त्याच चित्रांच्या कीर्तीवर खिडक्यांचा भाव चढला, हा विरोधाभास कॉर्नवॉलच्या कलाकारांना टाळता येत नाही.

जेंकिनच्या २०१९ च्या ‘बेइट’मध्ये तो टाळलेलाही नाही. हातांनी धुतलेल्या काळ्या-पांढऱ्या सोळा मिलिमीटर फिल्मवरचा हा चित्रपट. मार्टिन हा बोट नसलेला कोळी ओहोटीला वाळूवर जाळे लावतो. भाऊ वडिलांच्या बोटीतून पर्यटकांना फिरवतो. बंदरावरचे त्यांचे घर लंडनच्या कुटुंबाने घेतले आहे आणि ते दोर आणि साखळ्या टांगून सजवले आहे. मार्टिनसाठी दोर म्हणजे दिवसाची कमाई. नव्या मालकांसाठी तीच वस्तू भिंतीवरचे दृश्य. जेंकिन नव्या मालकांना खलनायक करत नाही. ते कांटच्या अटीप्रमाणेच समुद्राचा आस्वाद घेत आहेत. त्या आस्वादासाठी लागणारी सुरक्षित जागा कोणाच्या घरातून निघाली, एवढेच तो दाखवतो.