फावल्या वेळातलं काम

भाचीला पाचवा महिना लागला तेव्हा मी ठरवलं की बाळंतविड्यातलं दुपटं आपण क्रोशावर विणायचं. मला त्रेपन्न वर्षं झाली, पण क्रोशाची सुई कधी हातात धरली नव्हती. मावशीकडे जाऊन बसले. तिने लोकर बाजूला सारली. "आपल्या हवेत बाळ घामेजतं," म्हणत मऊ सुती दोरा आणि चार मिलिमीटरची सुई दिली. जाळीची नक्षीही नको म्हणाली, भोकांत बोटं अडकतात. मग साखळी, मुका खांब, खांब. आठवडाभर नुसत्या साखळ्याच घालत होते.

दुपट्याची रुंदी १२० खांबांची ठरली. नवव्या ओळीला कापड एका बाजूने आत ओढल्यासारखं दिसायला लागलं. मोजले, तर ११२ खांब. वळताना घालायच्या तीन साखळ्या म्हणजे ओळीतला पहिला खांब, आणि परतताना शेवटचा खांब त्यांच्या डोक्यावर यायला हवा. तोच मी दर ओळीला गाळत होते. मावशीने सुई काढून घेतली आणि दोऱ्याचं टोक ओढलं. दोन दिवसांचं काम चहा निवायच्या आत उसवलं. दोरा मात्र तसाच्या तसा परत मिळाला, थोडा कुरळा झालेला. गुंडा करता करता जाणवलं की इतक्या खटपटीत दोऱ्याचं काहीच गेलं नव्हतं. गेले ते माझे दोन दिवस.

आणि मला आठवलं, लहानपणी मावशीकडे बायका यायच्या त्या दोरा घेऊन. मुलीच्या रुखवतात ठेवायला रुमाल हवेत, टेबलक्लॉथ हवा, तोरण हवं. "दोरा मी आणलाय हं," असं म्हणायच्या, जणू सगळा खर्च तेवढाच. मावशीला महिना-महिना लागायचा. हातावर काही ठेवायची वेळ आली की म्हणायच्या, "तुम्ही काय, फावल्या वेळात करता." त्या काही वाईट नव्हत्या. मावशीसुद्धा तसंच म्हणायची.

'फावल्या वेळात' या शब्दांचा मला आता राग येतो, कारण हे काम अजूनही हातानेच करावं लागतं. सुयांवरच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ सालीच बनवलं; आज स्वेटर कारखान्यात विणले जातात. क्रोशासाठी कारखान्यात चालेल असं यंत्र अजून आलेलं नाही. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच फास जिवंत असतो. दर टाक्याला विणलेल्या कापडात नेमकी जागा शोधून सुई खुपसायची, दोरा ओढून काढायचा, तो टाका पुरा करायचा आणि मगच पुढे जायचं. यंत्रावरची क्रोशासारखी दिसणारी लेस वेगळ्या बांधणीची असते. म्हणजे दुकानात अस्सल क्रोशाची पिशवी चारशे रुपयांना टांगलेली दिसली, तर तिचा एकेक टाका कुणीतरी हाताने घातलेला आहे. त्या हाताला चारशेतले किती मिळाले असतील?

त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या भागातल्या नरसापूरला याचं एक उत्तर सापडतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसवालींवर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. घरकाम सांभाळून रोज कितीतरी तास विणणाऱ्या या बायकांना व्यापारी गृहिणी म्हणत आणि त्यांचं काम फावल्या वेळातलं धरत. मोबदला तुकड्यावर, तोही अगदी तुटपुंजा. 'फावला वेळ' म्हटलं की मजुरी ठरवायचा प्रश्नच उरत नाही. निर्यातीच्या धंद्यात हेच, आणि मावशीच्या घरीही हेच.

प्रेमाने केलेल्या कामाचे तास मोजू नयेत, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. भाचीकडून मला एक रुपया नको आहे, पण आपण काय देतो आहोत हे मला माहीत हवं. म्हणून बाराखडीच्या जुन्या वहीत रोजचे तास टिपत गेले. १२० खांबांच्या ७५ ओळी, म्हणजे ९,००० खांब. उसवलेलं धरून ६४ तास. त्यातला एकही तास फावलेला नव्हता. झोपेतून, वाचनातून, संध्याकाळच्या फिरण्यातून काढलेला होता.

दुपटं पुरं झाल्यावर मावशीला दाखवायला नेलं. तिने ते चष्म्याजवळ धरून चारही कडा तपासल्या, एका कोपऱ्यात दोऱ्याचं टोक नीट दडवलं नव्हतं ते सुईने आत घेतलं. मी वही पुढे केली आणि विचारलं, तू रुखवतासाठी विणलेल्या त्या मोठ्या टेबलक्लॉथला किती तास लागले असतील?

"तास कुठले मोजतेस, खांब मोजायचे," ती म्हणाली. दुपट्याची घडी घातली. मग म्हणाली, "तो क्लॉथ दोन पावसाळे चालला होता. दुसऱ्या पावसाळ्यात दोरा संपला, तेव्हा मीच आणला."